परक्याच्या भिंतीला चार भोकं

फिजिओथेरपी करायला आलेल्या मुलीने आईचा पाय नंतर पाहिला. चपला दाराबाहेर काढून आत आली, पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाली, "आधी बाथरूम दाखवा."

मी दाखवलं. ती दारातच उभी राहिली. खाली वाकून तिने फरशीवरून बोटं फिरवली. पांढऱ्या, गुळगुळीत, चकचकीत टाईल्स. भिंतीवर खांद्यापर्यंत निळ्या फुलांच्या वेलीचं डिझाईन. घरमालकांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी हौसेने करून घेतलेलं काम. पाहुणे आले की मीसुद्धा ते कौतुकाने दाखवत असे.

"इथे पडायला दुखऱ्या पायाची गरज नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा पडेन."

मग तिने मला एकेक गोष्ट सांगितली आणि मी ऑफिसच्या डायरीत लिहून घेतली. दाराची आतली कडी काढून टाकायची, म्हणजे बाहेरून केव्हाही उघडता येईल. पायपुसणं उचलायचं. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवायची. अंघोळीसाठी खुर्ची, तिच्या पायांना रबर. बादली जमिनीवर नको, स्टुलावर, म्हणजे वाकावं लागणार नाही. जाड भोकांची रबरी चटई. जास्त उजेडाचा दिवा. आणि कमोडच्या शेजारच्या भिंतीवर एक आणि अंघोळीच्या जागी एक, असे दोन स्टीलचे दांडे. भिंतीत स्क्रू मारून, पक्के.

"बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल," ती म्हणाली. "दांडे आधी."

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, आई अठ्ठ्याहत्तरची. नाशिक रोडला जेल रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आम्ही दोघी अकरा वर्षं भाड्याने राहत होतो. घरमालक वरच्या मजल्यावर. त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला काकू. मी एका सरकारी कार्यालयात लिपिक. लग्न केलं नाही. त्यामुळे सिन्नर तालुक्यातलं आमचं गावातलं घर विकलं गेलं तेव्हा आई कुठे राहणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. धाकट्या भावाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून घर विकलं. आईने अंगठा नव्हे, सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, सही वळणदार करायची. त्या सहीचा तिला अभिमान होता. नंतर ती एक पत्र्याची पेटी आणि तुळशीची कुंडी घेऊन माझ्याकडे आली.

अपघात साधाच म्हणायचा. ती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली आणि उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकलने तिला उडवलं. गाडीवाला थांबला नाही. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन होऊन आत रॉड बसला. पंधरा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे या पायावर भार टाकायचा नाही, मग हळूहळू वॉकरवर. हाड चांगलं जुळेल, आजींची प्रकृती मुळात दणकट आहे. ते खरंच होतं. आईने तिशीत नवरा गेल्यावर वीस वर्षं अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवली होती आणि त्याआधी शेतात कांदे काढले होते. आजारपण तिला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वर गेले. काका झोपाळ्यावर बसले होते. मी डायरी सोबत नेली होती, का ते आता कळत नाही. जणू मंजुरीसाठी फाईल घेऊन साहेबांकडे गेले होते.

"दांडे?" ते म्हणाले. "भिंतीत?"

"दोनच आहेत काका. सगळी मिळून चार भोकं पडतील. जाताना मी भरून देईन."

"भरून काय देणार? ती टाईल आता बाजारात मिळत नाही. एक तडकली तर अख्खी भिंत काढावी लागेल." ते रागावले नव्हते. ते कधीच रागवायचे नाहीत. "हे बघ, आम्ही तुम्हाला भाडेकरू मानतच नाही. घरचंच मानतो. म्हणून मोकळेपणाने सांगतो. सहा-आठ आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. तेवढ्यासाठी कायमची भोकं कशाला?"

काकू आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्या आईंचा पाय मोडला होता तेव्हा कुठे होते दांडे? आपण धरायचं माणसाला. माणूस आहे ना घरात."

मी चहा प्यायले. हो म्हटलं. खाली आले.

ती संध्याकाळ मला फार वेळा आठवते. मी हो का म्हटलं? कुणी दम दिला नव्हता. पण अकरा वर्षांत मी एकदाही त्यांना कसली तक्रार केली नव्हती. नळ गळला तर स्वतः प्लंबर बोलवायचा, दिवाळीत फराळाचं ताट आधी वर पाठवायचं, पाहुणे दहाच्या आत घालवायचे. एकट्या बाईला जागा कशी मिळते ते मला माहीत होतं, आणि मिळालेली जागा कशी टिकवायची तेही. चांगली भाडेकरू ही माझी ओळख झाली होती. काकू शेजारणींना सांगायच्या, इतकी वर्षं झाली, पण भिंतीला एक खिळा नाही मारला हिने. ते ऐकून मला बरं वाटायचं, ते सांगायलाही लाज वाटते.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू कशाला त्यांच्या नादी लागतेस? व्हॅक्यूमची हँडलं मिळतात. ड्रिलिंग नको, काही नको. मी ऑनलाईन मागवतो."

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. पांढऱ्या प्लास्टिकचं हँडल, दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या. टाईलवर दाबून खटका खाली केला की ते चिकटायचं आणि छोट्या खिडकीत हिरवी खूण दिसायची. सुटायला लागलं की लाल. असे दोन. भावाने व्हिडिओ कॉलवर स्वतः बसवून घेतले. "ओढ बघू. ओढ जोरात. आलं का? नाही ना? झालं तर मग."

मी खरंच जोरात ओढलं होतं. आलं नाही.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "यावर अंगाचा भार टाकायचा नाही आजी," ती आईला म्हणाली. "हे नुसतं तोल सावरायला. उठताना वॉकर धरायचा." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, स्क्रूचे बसवा. प्लीज." मी मालकांची अडचण सांगितली. ती पंचविशीची असेल. ऐकून तिने आईचा वॉकर उचलून कमोडच्या जवळ आणून ठेवला.

प्लंबरलाही मी विचारलं होतं. कमोडची उंच बैठक बसवायला तो आला होता. साठीला आलेला, हातात कायम एक कळकट पिशवी. भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे. मालक बाहेर गेले की फोन करा. दोन टाईलच्या मधल्या फटीत धरून भोक घेतो. तडा जाणार नाही. जाताना पांढऱ्या सिमेंटनं बुजवून देतो, त्यांच्या बापाला कळणार नाही."

"नको," मी म्हटलं. "विचारल्याशिवाय नको."

आतून आई म्हणाली, "बरोबर हाय. परक्याच्या भिंतीला आपण कशाला हात लावायचा."

मग आम्ही बाकीचं सगळं केलं. इतकं नेटाने केलं, की जणू त्याने दांड्यांची भरपाई होणार होती. कडी काढली. जास्त उजेडाचा दिवा लावला. चटई आणली. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून बांधले. दाराशी चार बोटं उंच दगडी पट्टी होती, ती आईला दिसावी म्हणून तिच्यावर लाल चिकटपट्टी लावली. काकू एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, "पट्टीचा गोंद निघेल ना गं नंतर?"

सकाळी मी आईला अंघोळ घालायचे. जखमेच्या पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून वर फडकं बांधायचं. पहिल्या दिवशी ती परकर सोडेना. "तू डोळं मिट," म्हणाली. डोळे मिटून अंघोळ कशी घालू, मी विचारलं. शेवटी परकर छातीशी बांधून, वरूनच पाणी घातलं. आठवडाभराने तिची भीड गेली. मी पाठ चोळायला लागले की ती मान खाली घालून बसायची. तिच्या उजव्या खांद्यावर वर्षानुवर्षं पाण्याच्या हंड्याने पडलेला एक घट्टा होता. इतकी वर्षं एका घरात राहून तो मी पहिल्यांदा पाहिला. त्या सकाळी चांगल्या होत्या. त्यातलं चांगलं मला आता वेगळं काढून आठवता येत नाही, पुढचं सगळं त्याला चिकटून येतं.

हँडलांची खूण मी रोज सकाळी बघायचे. हिरवी असायची. कधी लाल दिसली तर खटका उघडून, टाईल पुसून, पुन्हा दाबायचे. आई ते बघून हसायची. "देवपूजा झाली का?" म्हणायची.

सहा आठवडे झाले. एक्स-रे चांगला आला. आई वॉकर घेऊन खोलीतून ओट्यापर्यंत जायला लागली. माझी रजा संपली होती. दिवसा सोबतीला एक बाई ठेवली आणि मी कामावर रुजू झाले.

दहावा दिवस असेल. साडेतीनच्या सुमाराला त्या बाईचा फोन आला. "ताई, लवकर या. आजी पडल्यात."

ती बाई दळण आणायला चक्कीवर गेली होती. आईनेच पाठवलं होतं. आई एकटी बाथरूममध्ये गेली. वॉकर दगडी पट्टीवरून आत न्यायचा तिला कंटाळा यायचा, म्हणून तो दाराशीच ठेवला. कमोडवरून उठताना तिने भिंतीवरचं हँडल धरलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकून उठली. उठायला हातात काहीतरी लागतंच. आणि तिथे धरायला दुसरं काही नव्हतं.

चक्कीवर गर्दी होती. पाऊण तास आई फरशीवर पडून होती. मी रिक्षाने पोचले तेव्हा तिला कुणी हलवलं नव्हतं. काकू दारात उभ्या होत्या. काका फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते. आई डाव्या कुशीवर होती आणि तिच्या हातात ते हँडल होतं. पाऊण तास तिने ते सोडलं नव्हतं. मला बघून तिने ते वर केलं.

"हे निघालं बघ," ती म्हणाली. "लाव परत."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. साडीला ओल लागली. हँडल तिच्या बोटांतून सोडवून घेताना मला जोर लावावा लागला.

काकू म्हणाल्या, "आवाज आला होता गं काहीतरी. आम्हाला वाटलं, भांडं पडलं." थोडं थांबून म्हणाल्या, "हाका आल्या असत्या तर आलोच असतो की."

आईने हाका मारल्या होत्या. दवाखान्यात तिने मला सांगितलं. आधी त्या बाईला मारल्या, मग वरच्यांना, मग घसा कोरडा पडला तेव्हा थांबली. "त्यांचा टीव्ही चालू आसंल," ती म्हणाली. तिने त्यांना माफ केलं होतं. मला तेही सहन झालं नाही.

या वेळी खुबा मोडला होता. डावा, म्हणजे चांगल्या पायाचा.

भाऊ पुण्याहून आला. दोन दिवस राहिला. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला, औषधांची चिठ्ठी घेऊन स्वतः मेडिकलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात चहा पीत असताना म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. पण इतक्या लवकर तू कामावर जायला नको होतं. तू घरी असतीस तर हे झालं नसतं."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला इतका संताप आला.

"तू घर विकलंस," मी म्हटलं. "एक न्हाणी तरी ठेवायची होतीस आईच्या नावावर. तिथे मी हवी तेवढी भोकं पाडली असती."

"आत्ता हे बोलायची वेळ आहे का?"

"कधी आहे?"

त्याने कपात उरलेला चहा कोपऱ्यातल्या कुंडीत ओतला. हँडलांबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. संध्याकाळच्या शिवनेरीने तो परत गेला. त्यानंतर आम्ही फोनवर बोलतो ते औषधं आणि सणवार एवढंच.

आईला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी प्लंबरला बोलावलं. कुणाला विचारलं नाही. त्याने पिशवीतून ड्रिल काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करा. दुपारची वेळ होती, आवाज सगळ्या बंगल्यात घुमला. निळ्या फुलांच्या वेलीतून पांढरी भुकटी खाली पडायला लागली. पहिल्या भोकाला एक केसाएवढा तडा गेला.

काका खाली आले. बनियनवर शर्ट घालत, बटणं न लावताच. बाथरूमच्या दारात थांबले.

"हे काय चाललंय?"

"दांडे बसवतेय काका."

"विचारायला हवं होतं."

"विचारलं होतं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं असेल, मी उद्धट झाले. प्लंबरने ड्रिल बंद केलं नव्हतं. काका वर गेले. अर्ध्या तासात काम झालं. खरंच अर्धाच तास लागला. मी दोन्ही दांड्यांना लोंबकळून पाहिलं. माझं वजन आईच्या दीडपट. ते हलले नाहीत.

आई घरी आली ती स्ट्रेचरवर. ऑपरेशन झालं होतं, पण तिच्या अंगात दम उरला नव्हता आणि मनात त्याहून कमी. फिजिओथेरपीवाली मुलगी पुन्हा यायला लागली. ती दोन्ही हातांनी उचलून उभी करू बघायची, आई मधेच गुडघे सोडून द्यायची. "ऱ्हाऊ दे बाई," म्हणायची, "तू पोर लय चांगली हायेस, पण ऱ्हाऊ दे." दीड महिन्याने त्या मुलीनेच मला सांगितलं की आता येऊन उपयोग नाही. निघताना ती बाथरूममध्ये गेली आणि दांडा धरून पाहिला. "छान बसवलेत," म्हणाली, आणि मग तिलाच ते बोलल्याचं वाईट वाटलं.

आईचं सगळं कॉटवरच व्हायला लागलं. भांडं, डायपर, ओल्या फडक्याने अंग पुसणं. बाथरूममध्ये आता मी एकटीच जात होते. कमोडच्या शेजारच्या दांड्यावर तिची धुतलेली फडकी वाळत घालायला लागले.

दोन महिन्यांनी काका येऊन खुर्चीवर बसले. आईची चौकशी केली. सोबत सफरचंदं आणली होती. मग म्हणाले की मुलगी आणि जावई इकडे बदलून येतायत, तळमजला लागेल. घाई नाही, सावकाश बघा. मला कळलं आणि त्यांनाही कळलं की मला कळलंय. मी बरं म्हटलं. हे बरं मात्र त्या संध्याकाळच्या हो सारखं नव्हतं. वाईट याचंच वाटलं, की हे जर व्हायचंच होतं तर ते आधी का नाही झालं. मी ज्या जागेला जपत होते ती जागा चार भोकांची होती. चार भोकं पाडल्यावर गेली. तीच आधी पाडली असती, तर जागा तेव्हा गेली असती आणि आईचा पाय राहिला असता.

किल्ली द्यायला वर गेले तेव्हा काका माझ्याबरोबर खाली आले. रिकाम्या खोल्या बघितल्या. बाथरूममध्ये जाऊन दांडा ओढून पाहिला.

"काढून नेणार का हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"राहू दे," ते म्हणाले. "मजबूत बसलेत. आमचंही वय होतच आलंय."

मी तिथे उभी राहून काय काय बोलू शकले असते ते मी नंतर कित्येक दिवस मनात बोलत होते. त्या वेळी मी फक्त किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

नवी जागा नाशिक रोड स्टेशनपासून वीस मिनिटांवर, एका इमारतीत पहिल्या मजल्यावर मिळाली. मालकीणबाईंना मी भाड्याच्या आधी विचारलं, बाथरूमच्या भिंतीला भोक पाडलेलं चालेल का. त्या गोंधळल्या. "पाडा की," म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते. सामान यायच्या आधी मी दांडे बसवून घेतले. कशासाठी, ते प्लंबरने विचारलं नाही.

त्या घरात आई आणखी सात महिने होती. एप्रिलमध्ये ती सारखी म्हणायला लागली, "मला अंगावर पाणी घ्यायचंय. बादलीभर. फडक्यानं पुसून पुसून मी मळून गेले." एका रविवारी मी आणि दिवसा येणारी नवी बाई, दोघींनी तिला खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचलून बाथरूममध्ये नेलं. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की आम्हाला दम लागला नाही.

पाणी घालायला मला दोन्ही हात मोकळे हवे होते. मी तिला म्हटलं, "आई, दांडा धर. शेजारीच आहे. पक्का आहे."

तिने मान वळवून दांड्याकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही.

"त्येबी निघंल," ती म्हणाली.

मी तो धरून ओढून दाखवला, दोनदा, तीनदा. स्क्रू दाखवले. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, लहान मुलाचा हट्ट संपायची वाट बघावी तशी. मग तिने माझं मनगट पकडलं. मी एका हाताने तांब्या भरला आणि पाणी घालत राहिले. ती तसंच घट्ट धरून बसली होती आणि मला साबण लावता येत नव्हता.